मांजर, उंदीर आणि परमेश्वर : ब्रिटनच्या ‘रिजॉइस इन द लॅम्ब’विषयी

सुमेधा_लेस्टर

आमच्या हौशी गायकवृंदाने येत्या हंगामासाठी इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन याची ‘रिजॉइस इन द लॅम्ब’ ही रचना निवडली आहे. गायकवृंद, चार एकल आवाज आणि ऑर्गन यांच्यासाठी १९४३ साली लिहिलेली ही सोळा-सतरा मिनिटांची कृती आहे. नॉर्दॅम्प्टन येथील सेंट मॅथ्यू चर्चच्या समर्पणविधीला पन्नास वर्षे पूर्ण होत होती. त्या सोहळ्यासाठी तेथील धर्मगुरू वॉल्टर हसी यांनी ती ब्रिटनकडून लिहून घेतली आणि २१ सप्टेंबरला, म्हणजे संत मॅथ्यूच्या सणाच्या दिवशी, ती तेथे प्रथम गायली गेली. शब्द अठराव्या शतकातील कवी क्रिस्टोफर स्मार्ट याचे असून ते त्याने वेड्यांच्या इस्पितळात असताना लिहिलेले आहेत.

ज्यांनी ती ऐकलेली नाही त्यांच्यासाठी क्रम सांगते. आरंभी ऑर्गनने अगदी हलक्या आवाजात धरून ठेवलेल्या एकाच स्वरावर सर्वजण त्याच स्वरात ‘देवाची स्तुती करा’ असे जवळजवळ पुटपुटतात. त्यानंतर बायबलमधील एकेक पुरुष एकेक जनावर घेऊन देवापुढे येतो : निम्रोद बिबट्या आणतो, दानिएल सिंह आणतो, बलाम गाढव आणतो, दावीद अस्वलासह येतो. मग एक शांत ‘हालेलूया’ येते. त्यापुढे कवीच्या जेफ्री नावाच्या मांजरावर बालआवाजातील एकल गीत, उंदरावर आल्टोचे (खालच्या पट्टीतील स्त्री किंवा बालआवाज) आणि फुलांवर टेनरचे (उंच पुरुषी आवाज). एवढे झाल्यावर संगीतात अचानक काळोख होतो आणि कोरस, म्हणजे सगळा गायकवृंद, कवीच्या शब्दांत म्हणतो की, जो आरोप माझ्या तारणाऱ्यावर झाला तोच माझ्यावर आहे, कारण त्यालाही लोक भ्रमिष्ट म्हणाले होते. शेवटी बासचे (खर्जातील पुरुषी आवाज) अक्षरांवरचे पठण, वाद्यांची नामावळी आणि पुन्हा तीच ‘हालेलूया’.

तालमीत मांजर आणि उंदीर आले की आमच्याकडे हशा पिकतो आणि कार्यक्रमपत्रिकेतही या रचनेचे वर्णन ‘गमतीदार’ असे झाले आहे. मला ते पटत नाही. माझ्या मते या कृतीचा गाभा त्या काळोख्या कोरसमध्ये आहे आणि प्राण्यांची गाणी म्हणजे तेथवर पोहोचण्यासाठी ब्रिटनने केलेली तयारी आहे. आपणांपैकी ज्यांनी ही रचना ऐकली किंवा गायली असेल त्यांचे मत जाणून घ्यायला आवडेल. आणखी एक प्रश्न आहे. मी ख्रिस्ती नाही. अशा वेळी ‘तारणारा’ हा शब्द मी कोणत्या भावनेने गावा, हेही मला अद्याप नीट उमगलेले नाही.

पेठेतला_बोका

सभासदनाव पाहता माझे मत कोणत्या बाजूला पडणार हे सांगायला नको. पहाटेच्या पहिल्या उजेडात अंगाचे सात वेळा वेटोळे करून उपासना करणे हा आमचा कुलाचार असून त्याला कोणी गमतीदार म्हणू नये. बाकी चर्चा वाचतो आहे.

पायपेटी

सुमेधाताई, विषय आवडला. आपल्याकडे ऑर्गन म्हटले की संगीत नाटकातील, पायाने भाता चालवून वाजवायचा ऑर्गन डोळ्यांपुढे येतो, म्हणून थोडे वाद्याविषयी लिहितो. आपल्या त्या ऑर्गनमध्ये हार्मोनियमप्रमाणेच धातूच्या पट्ट्या कंप पावतात. चर्चमधील पाइप ऑर्गन मात्र हवेवर वाजणाऱ्या शेकडो, कधी हजारो नळ्यांचा असतो. आवाजाची प्रत्येक जात म्हणजे नळ्यांची वेगळी रांग असते आणि वादक खटके ओढून हव्या त्या रांगा चालू किंवा बंद करतो. पायांखालीही एक स्वरपट्टी असते. तिच्यातील सर्वांत खालच्या नळ्या सोळा फूट, मोठ्या वाद्यात बत्तीस फूट लांबीच्या असू शकतात.

या रचनेच्या दृष्टीने मला महत्त्वाची वाटते ती या वाद्याची एक मर्यादा. पियानोप्रमाणे बोटाच्या दाबाने स्वर लहान-मोठा करता येत नाही. पट्टी दाबली की स्वर सुरू होतो आणि बोट उचलेपर्यंत तो तसाच उभा राहतो; फार तर नळ्यांच्या पेटीची झडप पायाने उघडून किंवा मिटून आवाज वाढवता-घटवता येतो. आरंभीच्या त्या एका स्वराला जो न थकणारा स्थिरपणा आहे तो यामुळेच शक्य झाला आहे. माणसांना श्वास घ्यावा लागतो, ऑर्गनला तो लागत नाही, आणि त्या स्थिर स्वरावर माणसे अडखळत, कुजबुजत स्तुती सुरू करतात. मला विचाराल तर संपूर्ण कृतीचा अर्थ त्या पहिल्या पानावर येऊन जातो.

तिहाई

जनावरांचा भाग सात मात्रांत आहे, हे कोणी सांगितले नाही म्हणून सांगतो. प्रथम ऐकले तेव्हा मी आपोआप रूपक ताल धरून बसलो आणि काही क्षणांतच घसरलो.

सुमेधा_लेस्टर

तिहाई, आमच्या वृंदातील निम्मी मंडळी तेथेच घसरतात. सातची सवय होते न होते तोच त्याहून लांब किंवा आखूड मात्रांचे खंड येतात. रूपकाच्या आवर्तनात समेवर परतण्याची जी खात्री असते ती येथे मिळत नाही, कारण मात्रा इंग्रजी वाक्याच्या लांबीप्रमाणे बदलतात. आपल्या तालाच्या सवयीचा उपयोग मला मोजण्यासाठी झाला, परंतु आवर्तनाची अपेक्षा मात्र मनातून काढून टाकावी लागली.

विनायक_ना

कवीविषयी थोडी माहिती देतो, कारण तिच्याशिवाय हा वाद अधांतरी राहील.

क्रिस्टोफर स्मार्ट (१७२२–१७७१) हा केंब्रिजच्या पेंब्रोक कॉलेजात शिकलेला, धार्मिक कवितेसाठी तेथील पारितोषिके मिळवलेला, लॅटिनवर प्रभुत्व असलेला कवी होता. पुढे त्याला भर रस्त्यात गुडघे टेकून प्रार्थना करण्याची आणि भेटेल त्याला आपल्याबरोबर प्रार्थनेस बसवण्याची अनिवार ओढ लागली. १७५७ साली त्याला लंडनच्या सेंट ल्यूक्स इस्पितळात ठेवण्यात आले. वर्षभराने ‘बरा न झालेला’ असा शेरा मारून तेथून सोडण्यात आले आणि त्यानंतर १७६३ पर्यंत तो बेथनल ग्रीन येथील एका खासगी वेडाश्रमात होता. प्रसिद्ध लेखक व कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन त्याला भेटत असे. स्मार्टबरोबर प्रार्थना करायला मला इतर कोणाहीबरोबर करण्याइतकेच आवडेल आणि त्याला कोंडून ठेवण्याची गरज नव्हती, अशा आशयाचे जॉन्सनचे मत त्याचा चरित्रकार बॉसवेल याने नोंदवले आहे. सुटकेनंतरही स्मार्टची ओढाताण संपली नाही आणि अखेर कर्जदारांच्या तुरुंगात त्याचा मृत्यू झाला.

ब्रिटनने ज्यातून शब्द घेतले ते ‘जुबिलाटे आग्नो’ हे दीर्घ काव्य त्याने या बंदिवासात लिहिले. ते त्याच्या हयातीत छापले गेले नाही. हस्तलिखित दीडशेहून अधिक वर्षे खासगी संग्रहात पडून राहिले आणि विल्यम फोर्स स्टेड यांनी ते १९३९ साली प्रथम प्रकाशित केले. म्हणजे ब्रिटनच्या हाती आलेली ही कविता लिहून झाल्यावर पावणेदोनशे वर्षांनी ताजी छापलेली होती. तिच्याकडे ब्रिटनचे लक्ष वेधले ते डब्ल्यू. एच. ऑडेन या कवीने.

डॉ_शेवंती

व्यवसायाने मी मनोविकारतज्ज्ञ आहे, म्हणून दोन शब्द. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान कागदावरून करू नये असे माझे ठाम मत आहे. स्मार्टला कोंडण्यामागे त्याच्या पत्नीचे सावत्र वडील असलेले प्रकाशक जॉन न्यूबेरी यांचा हात होता, असे मानणारे अभ्यासक आहेत. त्या काळी कुटुंबाने ठरवले की खासगी वेडाश्रमात माणूस सहज अडकवता येत असे. त्यामुळे ‘वेड्याची कविता’ असे लेबल लावून तिचे कौतुक करणे आणि त्याच लेबलाखाली तिला गमतीदार ठरवणे या दोन्ही गोष्टी मला सारख्याच त्रासदायक वाटतात.

काळोख्या कोरसविषयी मात्र सुमेधाताईंशी मी पूर्ण सहमत आहे. पहारेकरी मला काठीने मारतो, शांतता राखणारे अधिकारी माझ्या विरोधात आहेत आणि ‘मूर्ख कुठला, मूर्ख कुठला’ असे लोक ओरडतात, असे त्या ओळी सांगतात. तेथे ब्रिटनने कोरसला जे काम दिले आहे ते विलक्षण आहे. तोच वृंद क्षणापूर्वी कवीच्या बाजूने बोलत असतो आणि आता त्याच्यावर ओरडणारी गर्दीही तोच होतो. ज्याला त्रास होतो आणि जे त्रास देतात त्यांचे आवाज एकच. अशा रुग्णाच्या कानांत नेमके काय चालते याचे इतके अचूक चित्रण मी वैद्यकीय ग्रंथांतही क्वचित वाचले आहे.

सालोमी_नगर

मी नगरच्या मराठी ख्रिस्ती घरातली आहे आणि आमच्या चर्चमध्ये उपासना संगीतातील गीते पेटी-तबल्यावर गात लहानाची मोठी झाले. त्यामुळे मी थोडा वेगळा सूर लावणार आहे.

सुमेधाताई, प्राण्यांना आपण ‘तयारी’ म्हटलेत, तेथे माझे आपल्याशी पटत नाही. स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या काही स्तोत्रांवर नजर टाका. एकशेअठ्ठेचाळिसावे स्तोत्र समुद्रातील अजस्र जीवांपासून रांगणाऱ्या जंतूंपर्यंत सर्वांना स्तुतीला बोलावते. एकशेपन्नासावे कर्णा, वीणा, सारंगी, डफ, झांजा अशी वाद्यांची यादी करते आणि श्वास घेणाऱ्या प्रत्येकाने परमेश्वराचे स्तवन करावे असे म्हणून संपते. स्मार्टच्या कवितेची चौकट हीच आहे : आधी जीव, मग वाद्ये, मग हालेलूया. त्याने नवीन केले ते एवढेच, की ‘सर्व प्राणी’ असे मोघम न म्हणता आपल्या कोठडीतील एका मांजराचे नाव घेतले. वेड्याची लहर म्हणून याकडे पाहणे मला चुकीचे वाटते. प्रार्थनेचे पुस्तक ज्याला मुखोद्गत होते अशा माणसाने त्याच पुस्तकाचे केलेले हे पालन आहे.

रेव्हरंड टिळकांची भजने गाताना मला कधीही प्रश्न पडला नाही की, ही चाल वारकऱ्यांची आणि शब्द ख्रिस्ताचे, मग गंभीर कशाला मानायचे? पवित्र संगीताचा चेहरा सतत लांबट असावा, ही अपेक्षा बहुधा चर्चबाहेरच्या लोकांची असते. आतले लोक बरेच हसतात.

गुंडोपंत_निमकर

चर्चा चांगली चालली आहे, परंतु सगळे ब्रिटनवर फिदा झालेले दिसतात म्हणून विरोधी बाक सांभाळतो.

‘जुबिलाटे आग्नो’च्या उपलब्ध पानांवर बाराशेहून अधिक ओळी आहेत. त्यांतील काही ‘असे होवो’ या अर्थाच्या शब्दाने सुरू होतात आणि काही ‘कारण’ या अर्थाच्या शब्दाने. हे दोन प्रकार हस्तलिखितात वेगवेगळ्या पानांवर आहेत. डब्ल्यू. एच. बाँड यांनी १९५४ साली नवी आवृत्ती काढली तेव्हा दाखवून दिले की, किमान काही भागात ही पाने जोडीने वाचायची होती. एका बाजूने पुकार आणि दुसऱ्या बाजूने प्रतिसाद, अशी ती योजना होती आणि तिची मुळे हिब्रू काव्याच्या रचनेत होती. ब्रिटनपुढे १९३९ची आवृत्ती होती, त्यामुळे ही जोडणी त्याला ठाऊक असणे शक्यच नव्हते. कोरससाठी, तेही दोन बाजूंना समोरासमोर बसणाऱ्या इंग्रजी चर्चच्या कोरससाठी, याहून उत्तम सामग्री कोणती असती? ती त्याच्या हातून निसटली.

दुसरे असे की, त्याने वेचलेल्या ओळी सोयीस्कर आहेत. जेफ्रीवरच्या मूळ उताऱ्यात ७४ ओळी आहेत आणि ब्रिटनने त्यांतल्या मोजक्या घेतल्या. मूळात हे मांजर आपल्या विद्युत्भारित कातडीने आणि चकाकत्या डोळ्यांनी अंधाराच्या शक्तींशी लढते. ते भक्ष्याला निसटण्याची संधी देण्यासाठी त्याच्याशी खेळते आणि त्या खेळामुळे सातांतला एक उंदीर सुटतो. हे सगळे वगळल्यावर उरते ते गोंडस मांजर. मग तालमीत हशा पिकला तर दोष गायकांचा कसा?

पेठेतला_बोका

सातांतला एक सुटतो, हा हिशेब बाहेर जाऊ नये अशी आमची इच्छा होती.

रानजाई

सात वेटोळी, सातांतला एक उंदीर आणि सात मात्रा! ब्रिटनने हे मुद्दाम केले असावे का?

तिहाई

रानजाई, सात मात्रा निम्रोदच्या भागात आहेत, मांजराच्या भागात नाहीत. आणि सुटलेल्या उंदराची ओळ तर ब्रिटनने घेतलेलीच नाही. असे सात शोधू लागलो तर आठवड्याच्या वारांपर्यंत पोहोचू. मांजराच्या गीतात ऑर्गनवर जी वळणे घेत जाणारी, कोठेच न टेकणारी स्वरावली आहे ती मात्र अवश्य ऐका. मांजराची चाल गायकाच्या ओळीत फारशी नाही, ती वादकाच्या बोटांत आहे. बालआवाज साधेपणाने हकीकत सांगत राहतो आणि मांजर त्याच्या पायांतून घोटाळत राहते.

विनायक_ना

निमकर, बाँड यांच्या आवृत्तीचा मुद्दा योग्य आहे. परंतु ‘निसटली’ हा आरोप मान्य नाही, कारण जे १९५४ साली उजेडात आले ते १९४३ साली निसटणार कसे? शिवाय ब्रिटनने ‘असे होवो’च्या ओळी आधी एकत्र ठेवल्या आणि ‘कारण’च्या ओळी हालेलूयानंतर. म्हणजे आधी आवाहन आणि मग त्याची कारणे, असा मोठा पुकार-प्रतिसाद त्याच्या कृतीत अजाणता का होईना, तयार झालाच आहे.

वेचणीबद्दलही माझे मत वेगळे आहे. उंदराचे गीत पाहा. मांजराने मादीला पकडले असता नर पळून जात नाही, तो मांजरापुढे उभा राहून द्वंद्वाचे आव्हान देतो, अशी ती हकीकत आहे. जेफ्रीचे गोंडस चित्र पुरे होते न होते तोच उंदराच्या बाजूने तीच कथा येते आणि तीत मांजर हा जुलमी आहे. निमकरांनी उल्लेखिलेली क्रूरता ब्रिटनने काढून टाकलेली नाही. ती त्याने दुसऱ्या पात्राच्या तोंडी घातली आहे. लागलीच टेनर सांगतो की, फूल देवाचे गौरव करते आणि त्याच्या झाडाचे मूळ शत्रूचा वार परतवते. मांजर, उंदीर आणि मूळ या क्रमाने झुंज आत आत जात राहते आणि मग ती माणसावर येते.

वोल्गाकाठ

काळोख्या कोरसमधील ‘मूर्ख’ या हाकेची चार स्वरांची आकृती नीट ऐकल्यास तीत रशियन संगीतकार शोस्ताकोविच याच्या नावाच्या आद्याक्षरांचे स्वर ऐकू येतात. छळ झालेल्या कलावंताला दुसऱ्या कलावंताने केलेला हा सलाम आहे, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे.

विनायक_ना

ते साम्य अभ्यासकांनी नोंदवलेले आहे आणि कानालाही जाणवते. सलामाची गोष्ट मात्र कालक्रमात बसत नाही. शोस्ताकोविचने ती चार स्वरांची सही ठळकपणे वापरली ती १९५३ सालच्या दहाव्या सिंफनीत आणि त्या दोघांची प्रत्यक्ष भेट १९६० साली झाली. १९४३ साली ब्रिटनपुढे ती सही असण्याचे कारण दिसत नाही.

डॉ_शेवंती

छळाचा संदर्भ हवाच असेल तर इतके दूर जाण्याचे कारण नाही. ब्रिटन १९४२ साली अमेरिकेतून भर युद्धात इंग्लंडला परतला आणि विवेकाला पटत नाही म्हणून युद्धसेवेला नकार देणाऱ्यांत त्याने आपले नाव नोंदवले. त्याला त्यासाठी लवादापुढे उभे राहावे लागले. देश लढत असताना न लढणाऱ्या माणसाला शेजारपाजारचे काय म्हणत असतील, याची कल्पना करणे अवघड नाही. त्याच्या पुरुषावरील प्रेमाला त्या काळचा कायदा गुन्हा मानत होता, हेही लक्षात घ्यावे. बाराशे ओळींतून त्याने नेमक्या याच ओळी उचलल्या आणि मध्यभागी ठेवल्या. त्याच्या मनात काय होते ते मी सांगू शकत नाही, परंतु ही निवड नुसत्या सोयीची वाटत नाही.

कलादालन

वॉल्टर हसी यांच्याविषयीही लिहायला हवे. एका मध्यम शहरातील चर्चचा हा धर्मगुरू युद्धाच्या काळात उठून आधुनिक संगीतकाराला पत्र लिहितो आणि नवी कृती मागतो, ही गोष्ट त्या वेळी मुळीच सर्वसाधारण नव्हती. चर्चने आपल्या काळातील सर्वोत्तम कलावंतांशी तुटलेले नाते पुन्हा जोडावे, असा त्यांचा ध्यास होता. त्याच चर्चसाठी हेन्री मूर यांनी घडवलेले मरिया व बालयेशूचे शिल्प १९४४ साली तेथे आले आणि ग्रॅहम सदरलँड यांचे क्रुसारोहणाचे चित्र १९४६ साली लावले गेले. जेरल्ड फिन्झी यांची गायकवृंद व ऑर्गनसाठीची एक मोठी रचनाही १९४६ सालची आणि याच चर्चसाठीची. पुढे हसी चिचेस्टर कॅथीड्रलचे प्रमुख झाले आणि त्यांनी अमेरिकन संगीतकार लेनर्ड बर्नस्टाईनकडून १९६५ साली हिब्रू स्तोत्रांवरील ‘चिचेस्टर साम्स’ लिहून घेतले.

मूर यांचे शिल्प आले तेव्हा नॉर्दॅम्प्टनकरांनी त्यावर भरपूर टीका केली. ब्रिटनची रचना त्या मानाने सहज स्वीकारली गेली. मला वाटते त्याचे श्रेय मांजरालाच जाते. धक्कादायक वस्तू दारातून आत आणायची तर पुढे मांजर सोडावे, ही युक्ती शिल्पकाराला उपलब्ध नव्हती.

पायपेटी

वाद्यांच्या नामावळीबद्दल अद्याप कोणीच लिहिलेले नाही, म्हणून परत आलो. स्मार्ट म्हणतो की प्रत्येक वाद्याची स्वतःची यमके असतात. वीणेची ‘सिंग, रिंग’, झांजेची ‘बेल, वेल’, बासरीची ‘टूथ, यूथ’, तुतारीची ‘साउंड, बाउंड’. इंग्रज समीक्षकांना हे विक्षिप्त वाटत आले आहे. तबल्याचे बोल तोंडाने म्हणत शिकलेल्या माणसाला यात विक्षिप्त काय ते कळणार नाही. वाद्याचा नाद अक्षरांत बांधता येतो, हे आपण गृहीत धरूनच वाढतो. ब्रिटनने येथे कोरसकडून शब्द पढंतीसारखे तुटक, खणखणीत म्हणवून घेतले आहेत आणि ऑर्गन त्यांच्याबरोबर टाळ्या दिल्यासारखा चालतो.

त्यातच एक वाक्य येते : खुद्द परमेश्वर एका प्रचंड वीणेवर वाजवतो, त्या वेळी दुष्टावा थांबतो आणि सैतानही शांत होतात. येथे सगळा खणखणाट हळूहळू ओसरतो. काळोख्या कोरसला मिळालेले उत्तर मला या ठिकाणी ऐकू येते. ओरडणाऱ्या लोकांना शिक्षा होत नाही, त्यांच्याशी वादही घातला जात नाही. संगीत सुरू होते आणि ते गप्प होतात.

गुंडोपंत_निमकर

पायपेटी, हे उत्तम. विनायकरावांचा उंदराचा मुद्दाही मला मान्य आहे. तरी जेफ्रीच्या वगळलेल्या ओळींसाठी मी झुरत राहीन, तेवढे स्वातंत्र्य असू द्यावे.

रानजाई

सुमेधाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणीच हात घातलेला नाही. विश्वास नसताना ‘तारणारा’ कसे गावे?

सालोमी_नगर

रानजाई, आठवण करून दिलीत ते बरे झाले. माझे उत्तर असे आहे की, त्या ओळीत विश्वासाची कबुली मागितलेलीच नाही. ‘मी आणि माझा तारणारा एकाच आरोपाखाली उभे आहोत’ हे एका एकाकी माणसाचे विधान आहे. येशूच्या घरच्यांनीच त्याला भ्रमिष्ट समजून आवरायला धाव घेतली, ही मार्काच्या शुभवर्तमानातील हकीकत येथे अभिप्रेत आहे. स्मार्टलाही घरच्यांनीच कोंडले होते. सुमेधाताई, आपण ती ओळ गाताना स्मार्टचा शब्द स्मार्टसाठी उच्चारत आहात. एखाद्या वारकऱ्याचा अभंग मी गाते तेव्हा विठ्ठल हा शब्द त्या वारकऱ्याच्या प्रेमाने येतो, आणि त्याबद्दल आजवर मला ना चर्चने जाब विचारला ना विठ्ठलाने.

आणि एक सुचवते. दोन्ही ‘हालेलूया’ ब्रिटनने सारख्याच ठेवल्या आहेत. तेच शब्द, तेच झुलते स्वर, तोच हलका आवाज, विजयाचा कोणताही गजर नाही. पहिली ऐकताना आपल्याला स्मार्टचे काहीच ठाऊक नसते. दुसरी ऐकेपर्यंत त्याला पडलेली काठी ऐकून झालेली असते. तरीही तो स्तुतीत एक स्वर कमी किंवा अधिक करत नाही. गाभा कोठे आहे असे मला विचाराल तर मी या दोन हालेलूयांच्या मधल्या अंतराकडे बोट दाखवीन.

सुमेधा_लेस्टर

सर्वांचे मनापासून आभार. सालोमीताई, दोन हालेलूयांचा मुद्दा मी आमच्या संचालकांना सांगितला. आमच्याकडे दुसरी हालेलूया शेवट म्हणून थोडी मोठ्याने आणि थोडी सावकाश गाण्याचा प्रघात पडत चालला होता. आता दोन्ही एकाच गतीत आणि एकाच आवाजात गायच्या असे ठरले आहे. कार्यक्रमपत्रिकेतील ‘गमतीदार’ हा शब्दही निघाला. डॉ. शेवंती यांचे निरीक्षण मी माझ्या शेजारणीला वाचून दाखवले. त्यानंतरच्या तालमीत ‘मूर्ख’ची हाक आमच्या रांगेतून अशी काही निघाली की संचालकांनी थांबून कारण विचारले.

प्राणी ही केवळ ‘तयारी’ आहेत हे माझे मत मात्र मी पूर्णपणे सोडलेले नाही. विनायकरावांनी दाखवलेली मांजर, उंदीर, मूळ आणि माणूस ही चढती साखळी मला त्याच बाजूची वाटते.

बटाट्याची_भाजी

ही रचना मी ऐकलेलीच नाही. हा धागा वाचून ऐकण्याची इच्छा झाली आहे. कोठून सुरुवात करावी? वाद्यवृंदासह गायलेली एक आवृत्तीही दिसते आहे.

विनायक_ना

वाद्यवृंदाची आवृत्ती संगीतकार इमोजेन होल्स्ट यांनी १९५२ साली ऑल्डबरो महोत्सवासाठी केलेली आहे आणि ती चांगली आहे, परंतु प्रथम ऐकत असाल तर ऑर्गनचीच ऐकावी. पायपेटींनी लिहिलेला तो श्वास न घेणारा पहिला स्वर ऑर्गनवरच मिळतो. स्वतः ब्रिटनच्या संचालनाखाली पर्सेल सिंगर्सनी केलेले ध्वनिमुद्रण उपलब्ध असून त्यात ऑर्गनवर जॉर्ज माल्कम आहेत. तेथून सुरुवात करावी. मांजराचे गीत बालगायकाच्या आवाजात असलेलेच निवडावे. ब्रिटनने ते तशाच आवाजासाठी लिहिले आहे आणि प्रौढ सोप्रानो (उंच आवाजाची गायिका) कितीही कुशल असली तरी तिला मांजराविषयी असे सरळ चेहऱ्याने बोलणे कठीण जाते.

सुमेधा_लेस्टर

आमच्याकडे ते गीत एक प्रौढ सोप्रानोच गाणार आहेत, त्यामुळे विनायकरावांचे शेवटचे वाक्य मी त्यांच्यापर्यंत पोहोचू देणार नाही.